लॉजवरचा एकुलता एक प्लग आणि बॅगेतला बोर्ड: प्रवासासाठी एक्स्टेन्शन कॉर्ड निवडताना

मालवणला एका लग्नाच्या शूटला गेलो होतो. पहाटे कोल्हापुरातून निघालो, गगनबावड्याचा घाट उतरलो आणि जेवायच्या वेळेला लॉजवर पोचलो. खोलीत तीन माणसं, दोन कॅमेरे, एक ड्रोन, एक लॅपटॉप, चार मोबाइल आणि भिंतीवर मोकळा प्लग एकच, तोही टीव्हीच्या मागं. बॅगेत बोर्ड होता, स्टँडबाहेरच्या हातगाडीवरून १८० रुपयांना घेतलेला. सगळं त्याला जोडलं आणि मी अंघोळीला गेलो. तेवढ्यात असिस्टंटला चहाची तल्लफ आली आणि त्यानं आपली केटल त्याच बोर्डावर लावली. बाहेर आलो तर जळका वास. मालवणात असा वास आला की पहिला संशय स्वयंपाकघरावर जातो, पण हा प्लॅस्टिकचा होता. पिन टॉप, म्हणजे भिंतीत घालायचा पिनांचा भाग, तपकिरी पडून सॉकेटला चिकटून बसला होता. आपल्याकडं ‘जाळ अन् धूर संगटच’ म्हणतात, त्यातला धूर तेवढा झाला.

परत आल्यावर तो बोर्ड उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या ओळखीच्या मामांकडं नेला. त्यांनी चार स्क्रू काढून मागचं झाकण उघडलं. आत पाच सॉकेटना मिळून दोन पट्ट्या, डब्याच्या पत्र्यासारख्या पातळ. पिन टॉपला पिना तीन, बोर्डाला भोकं तीन-तीन, पण वायर दोन कोरची, म्हणजे आत दोनच तारा, आणि वरच्या मोठ्या भोकामागं काहीच नाही.

“मामा, अर्थिंग कुठं गेली?”

“भोकच हाय नुसतं, भावा. दिसायला.”

मग त्यांनी वायरीची एक तार ब्लेडनं खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी. म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. “भंगारवाला पण घेणार न्हाई हे,” असं म्हणून त्यांनी ती माझ्या हातात परत दिली.

त्यानंतर मी बोर्ड घेताना रंग आणि किती सॉकेट आहेत हे बघायचं सोडलं. आता कसा घेतो आणि बाहेरगावी कसा वापरतो, ते त्याच क्रमानं सांगतो.

आधी वॅटचा हिशेब

दुकानात जायच्या आधी घरातले सगळे चार्जर टेबलावर काढा आणि त्यांच्यावरचा बारीक छाप वाचा. आउटपुटचे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात. माझा हिशेब असा: लॅपटॉप १०० वॅट, ड्रोनचा चार्जर १००, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांचे दोन चार्जर मिळून ४०, मोबाइलचे चार मिळून ११० च्या आसपास. एकूण ३५०. आपल्याकडं घरगुती वीज २३० व्होल्टची, म्हणजे ३५० वॅटला साधारण दीड अँपिअर लागतो. नेहमीचा लहान तीन पिनांचा टॉप ६ अँपिअरचा असतो. ६ गुणिले २३० म्हणजे १,३८० वॅट. आमच्यासारखा सामानाचा पसारा असलेल्यांचं कामसुद्धा त्याच्या पावपटीत भागतं. घरच्यांसोबत तिरुपतीला निघालेल्या माणसाला तर शंभर-दीडशे वॅट पुष्कळ.

म्हणजे चार्जरमुळं बोर्ड जळत नाही. जळतो तो केटल, पाण्याचा रॉड, इस्त्री, हेअर ड्रायर यांनी. यातली बहुतेक १,००० ते १,५०० वॅटची असतात. मी बोर्डावर पांढऱ्या मार्करनं ‘फक्त चार्जिंग’ असं लिहून ठेवलंय. असिस्टंट हसतो, पण केटल आता भिंतीच्या पॉवर पॉइंटला लावतो.

हिशेब झाला की बोर्ड खरंच लागतो का, तेही तपासा. दोन मोबाइल आणि एक हलका लॅपटॉप एवढंच असेल तर ६५ वॅटचा दोन-तीन पोर्टचा एकच चांगला चार्जर पुरतो. बॅगेत एक वस्तू कमी आणि सॉकेटमधले जोडही कमी. जोड कमी असणं का चांगलं, ते पुढं येतंच.

वायर: जाडी, कोर आणि तांबं

आपल्याकडं दुकानात ‘एक एमएम’, ‘दीड एमएम’ म्हणतात, ते खरं चौरस मिलिमीटर. प्रवासाच्या बोर्डाला ०.७५ एमएमची तांब्याची वायर कामापुरती चालते. मी १ एमएम घेतो. दीड एमएमची वायर उत्तम, पण जाड, गुंडाळायला चिवट आणि बॅगेत जड. चार्जरसाठी तिची गरज नाही.

कोर मात्र तीनच हवेत, यात तडजोड नको. तपकिरी किंवा लाल तार फेजची, निळी किंवा काळी न्यूट्रलची, हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थिंगची. वायरीच्या अंगावर लांबीभर छाप असतो. त्यात कोर किती, जाडी किती, आयएसआयची खूण आणि आयएस ६९४ हा आकडा दिसायला पाहिजे. पीव्हीसी वायरींचं भारतीय मानक तेच. छापच नसलेली गुळगुळीत वायर दिसली की मी बोर्ड परत ठेवतो.

तांब्याची परीक्षा दुकानात होत नाही, कारण तिथं कुणी आपल्याला तार खरवडू देणार नाही. वजनावरून मात्र अंदाज येतो. दोन मीटरच्या १ एमएम, तीन कोरच्या वायरीत नुसतं तांबंच ५० ग्रॅमच्या वर भरतं. शेजारी चांगला बोर्ड ठेवून दोन्ही हातांत तोललं की कळतं. मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार हलकी असते, तेवढ्याच जाडीत विजेच्या प्रवाहाला तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त विरोध करते आणि चार वेळा एकाच जागी वाकली की तुटते.

लांबी दीड ते दोन मीटर. पाच मीटरची कॉर्ड ‘असू दे, कुठं तरी लागंल’ म्हणून घेतली जाते आणि मग जास्तीची वायर गुंडाळी करून बेडखाली सारली जाते. ही सवय वाईट. ०.७५ एमएमच्या पाच मीटर कॉर्डमध्ये जाणारी-येणारी मिळून दहा मीटर तार असते आणि तिचा विरोध पाव ओहमच्या आसपास. लॅपटॉप लावला तर त्यात काहीच तापत नाही. पण केटलचे साडेसहा अँपिअर गेले तर वायरीतच सुमारे ११ वॅटची उष्णता तयार होते. वायर मोकळी पसरलेली असेल तर ती हवेत जाते, गुंडाळीत असेल तर आतल्या वेढ्यांत साठत राहते. रीळवाली कॉर्ड वापरायचीच तर रिळावरची सगळी वायर आधी सोडायची.

पिन टॉप आणि सॉकेट: खरी आग इथं लागते

या भागाला वेळ द्या, कारण माझ्या बोर्डात वायर निकृष्ट होती तरी जळाली नव्हती. जळाला होता टॉप.

मामांनी समजावलं ते असं. सॉकेटमधली पितळी पकड सैल असली की पिन तिला पुरती टेकत नाही, एखाद्या टोकावर टेकते. एवढ्याशा जागेत अर्धा ओहम विरोध तयार झाला आणि त्यातून ६ अँपिअर गेले, तर त्या टोकावर १८ वॅटची उष्णता होते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असते ती सोल्डरिंग गन २५ वॅटची. म्हणजे सॉकेटच्या आत, प्लॅस्टिकला लागून, जवळपास सोल्डरिंगचं टोक धरून ठेवल्यासारखं. आणि यात एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच, काही करत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

म्हणून दुकानात मी या गोष्टी करून बघतो. खिशात एक छोटं लोहचुंबक असतं, फ्रिजवर चिकटवायचं. ते पिनांना लावतो. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसती चमक. मग पिन टॉप हातात धरून पिना हलवून बघतो. त्या डुगडुगता कामा नयेत. टॉप वायरीसकट एकसंध ओतलेला असेल तर बरा, कारण स्क्रूचा टॉप प्रवासातल्या ओढाताणीत आतून सैल होतो. तिसरी, अर्थिंगची पिन बाकीच्या दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. ती लांब का, तर टॉप आत जाताना अर्थिंग सगळ्यांत आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी म्हणून. ही पिन प्लॅस्टिकची किंवा पोकळ असेल तर विषय संपला.

यानंतर स्वतःचा चार्जर काढून बोर्डाच्या प्रत्येक सॉकेटमध्ये घालतो. प्रत्येक, एकात नव्हे. घालताना थोडा जोर लागला पाहिजे. मग बोर्ड उलटा करून हलकेच झटकतो. चार्जर पडला किंवा लोंबकळला तर तो बोर्ड माझ्या कामाचा नाही. गोल, चपट्या, तिरक्या अशा सगळ्या देशांच्या पिना घेणारी ‘युनिव्हर्सल’ भोकं दिसायला सोयीची, पण सगळ्यांना जागा देताना पकड कुणालाच धड मिळत नाही. परदेशी पिनेचं सामान नसेल तर साधी, आपल्या गोल पिनांची सॉकेट असलेला बोर्ड घ्या. भोकांवर आतून सरकणारी झडप असेल तर लहान मुलं असलेल्या घराला ती हवीच.

दोन सॉकेटमधलं अंतरही बघा. चार भोकं असून लॅपटॉपचा एक ठोकळा लावला की शेजारचं झाकलं जातं, मग लोक वर मल्टिप्लग लावतात आणि बोर्डावर बोर्ड चढतो. एक सैल जोड म्हणजे एक सोल्डरिंगचं टोक, हे डोक्यात असलं की असं करवत नाही.

आयएसआयची खूण नुसती बघू नका, तपासा

प्लग-सॉकेटचं भारतीय मानक आयएस १२९३. खुणेच्या वर हा आकडा आणि खाली ‘सीएम/एल’नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना कुणाचा, कुठल्या वस्तूचा आणि चालू आहे का, ते तिथल्या तिथं दिसतं. खोक्यावरचं नाव एक आणि ॲपमधलं दुसरंच, असंही मला आढळलंय. मोबाइलच्या चार्जरला याऐवजी ‘आर’ आणि आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो, तोही त्याच ॲपमध्ये तपासता येतो. दुकानदार जरा कंटाळतो. कंटाळू दे.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दल एक. ‘१० अँपिअर, २५०० वॅट’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं आणि पिन टॉप मात्र ६ अँपिअरचा लहान. अशा वेळी लहान आकडा खरा मानायचा.

फ्यूज किंवा रीसेटचं बटण

बरेच जण म्हणतात, लॉजला एमसीबी आहे की, मग बोर्डाला वेगळं संरक्षण कशाला? कारण तो एमसीबी भिंतीतल्या वायरीसाठी बसवलेला असतो, तुमच्या बोर्डासाठी नाही. एसीच्या किंवा गीझरच्या १६ अँपिअरच्या पॉइंटला तुम्ही बोर्ड लावला, तर मागचा १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरपर्यंत तासभर न पडता राहू शकतो. मानकातच तशी मुभा आहे, १.१३ पट. ०.७५ ची वायर तोवर मऊ होऊन जाईल. बोर्डाचा स्वतःचा फ्यूज किंवा दाबून परत चालू करायचं छोटं रीसेट बटण असेल तर तो आधी सुटतो. माझ्या आताच्या बोर्डाला ६ अँपिअरचं बटण आहे. ते आजवर एकदाच सुटलं, मंगल कार्यालयातल्या मंडपवाल्यानं त्यावर हॅलोजन लावला तेव्हा.

स्विचच्या बाबतीत मी आग्रही नाही. सगळ्यांना मिळून एक स्विच पुरतो. प्रत्येक सॉकेटला वेगळा स्विच म्हणजे आत आणखी चार जोड.

स्पाइक गार्ड घ्यावा का?

पावसाळ्यात राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा, आंबोली अशा बाजूला राहत असाल तर घ्यावा. तिथं वीज जाते-येते आणि कडकडाटही भरपूर. स्पाइक गार्डच्या आत व्हॅरिस्टर नावाची एक चकती असते. व्होल्टेजची उसळी आली की ती मोकळी वाट देऊन उसळी अर्थिंगकडं किंवा न्यूट्रलकडं वळवते. पण प्रत्येक उसळीत ती थोडी झिजते आणि एक दिवस संपते. बोर्ड चालूच राहतो, संरक्षण तेवढं गेलेलं असतं. म्हणून ‘संरक्षण चालू’ दाखवणारा दिवा असलेलाच गार्ड घ्या आणि तो दिवा विझला की बोर्ड बदला. जवळ वीज पडत असेल तर गार्डवर भरोसा ठेवू नका, सरळ टॉप काढून ठेवा.

बोर्डातच असलेल्या यूएसबी पोर्टवर मी पैसे घालवत नाही. स्वस्त बोर्डात पाच व्होल्टचे दोन-सव्वादोन अँपिअर सगळ्या पोर्टांत मिळून वाटले जातात. मोबाइल रात्रभर लावून सकाळी ६० टक्के.

लॉजवर पोचल्यावर

बॅग उघडायच्या आधी भिंतीचं सॉकेट बघा. भोकांभोवती तपकिरी डाग, तडा किंवा ओल असेल तर ते सोडून दुसरं शोधा. पन्हाळ्यावर किंवा गगनबावड्याला जुलैत भिंतींना घाम फुटलेला असतो, तिथं हे आधी. टॉप आत घातल्यावर सैल लागला, स्वतःच्या वजनानं खाली झुकला, तर काउंटरवर सांगून खोली बदलून मागायला लाजू नका.

माझ्याकडं तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर असतो, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. तो आत घातला की अर्थिंग आहे का, फेज आणि न्यूट्रल उलटे आहेत का, ते कळतं. तो नसेल तर तुमचा लॅपटॉपच सांगतो. धातूच्या बॉडीवर मनगट ठेवलं आणि बारीक मुंग्या आल्या, तर बहुतेक अर्थिंग पोचत नाहीये. चार्जरमधून गळणारा हा करंट अगदी थोडा असतो आणि सहसा धोक्याचा नसतो. पण तीन पिनांचा चार्जर तीन पिनांच्या बोर्डावर असूनही मुंग्या येत असतील, तर त्या खोलीत धातूच्या बॉडीची कुठलीही मोठी वस्तू लावू नका.

बोर्ड गादीवर, उशीखाली, ओल्या टॉवेलशेजारी ठेवायचा नाही. टेबलावर किंवा फरशीवर, मोकळा. दारातून वायर नेली आणि दार तिच्यावर मिटलं तर आवरण आतून कापलं जातं, बाहेरून दिसतही नाही. सगळं जोडून वीस मिनिटांनी एकदा टॉप आणि वायर हातानं चाचपा. कोमट चालेल. हात ठेवावासा वाटत नसेल तर भिंतीचा स्विच बंद करून मग काढा.

रेल्वे, विमान, परदेश

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना डब्यात बोर्ड काढू नका. तिथले पॉइंट मोबाइल-लॅपटॉपपुरते असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात वायर अडकते आणि केटलला तर मनाईच आहे. रात्री ११ ते पहाटे ५ पर्यंत चार्जिंग पॉइंट बंद ठेवायच्या रेल्वेच्या सूचना आहेत, त्यामुळं गाडीत बसल्या बसल्या फोन लावा.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून निघालात तर बोर्ड चेक-इनच्या बॅगेत आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत. पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही. पॉवर बँकेला मर्यादा १०० वॅट-तासांची. २०,००० एमएएचची बँक ७४ वॅट-तास भरते, म्हणजे ती बसते.

परदेशात सगळ्यात जास्त गैरसमज कन्व्हर्टर पिनेबद्दल आहे. ती फक्त पिनेचा आकार बदलते, व्होल्टेज नाही. चार्जरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असं असेल तर तो कुठंही चालतो. दुबई, सिंगापूर, इंग्लंडला तीन चौकोनी पिना, युरोपात बहुतेक ठिकाणी दोन गोल, अमेरिकेत दोन चपट्या आणि वीज १२० व्होल्टची. आपला बोर्ड एका कन्व्हर्टरवर लावून पुढं आपलेच चार्जर लावले की चार कन्व्हर्टर घ्यावे लागत नाहीत. अमेरिकेत मात्र १२० व्होल्टमुळं तेवढ्याच वॅटना जवळपास दुप्पट करंट लागतो, तेव्हा हिशेब परत करा.

याच्या उलट धोका आपल्या घराघरांत आहे. मुलगा अमेरिकेतून येताना स्पाइक गार्ड आणतो आणि वडील तो कौतुकानं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये लावतात. १२० व्होल्टसाठी बनवलेल्या त्या व्हॅरिस्टरला २३० म्हणजे कायमची उसळीच. लावल्या लावल्या फुटतो.

घरी आल्यावर

वायर बोर्डाभोवती करकचून आवळू नका. मोठे सैल वेढे घ्या आणि कापडी पट्टी बांधा. टॉपच्या बुडाशी आणि बोर्डात शिरते तिथंच वायर आधी मोडते. दर प्रवासानंतर तेवढ्या दोन जागा वाकवून बघतो. आवरणाला चीर, पिनेवर काळा डाग, स्विच दाबताना आत चर्र आवाज, यातलं एकही दिसलं तर टेप लावून चालवत नाही.

टाकताना पिन टॉप कापून वेगळा करतो. पहिल्यांदा तसाच टाकला होता, तर आठ दिवसांनी आमच्याच सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीत तो पंख्याला लावलेला दिसला.